पैठणीच्या उरलेल्या रेशमातून फ्लाय बांधणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी आत्या येवल्याची. तिच्या ओसरीवर खड्ड्याचा माग आहे. पैठणी उतरली की मागाखाली रेशमाची बोट-दोन बोटं लांबीची टोकं आणि जरीचे तुकडे पडलेले असतात, आणि कांड्यांवर हात-दोन हात धागा शिल्लक राहतो. लहानपणी आम्ही ते राखीला वापरायचो. गेली काही वर्षं मी त्यातून मासेमारीच्या फ्लाय बांधतो. नाशिकमधले गळ टाकणारे मित्र जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे.

फ्लाय म्हणजे नक्की काय?

गळावर दोरा, पीस, केस, जर असं काही बांधून केलेला खोटा किडा. गांडूळ किंवा कणकेची गोळी लावली तर मासा वासावर आणि चवीवर येतो. फ्लायला वास नाही, चवही नाही. मासा ती फक्त बघून धरतो, म्हणून तिचा आकार, रंग आणि पाण्यातली हालचाल एवढंच आपल्या हातात असतं. ही कल्पना जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला रोमन लेखक एलियन याने मॅसिडोनियातल्या लोकांबद्दल लिहून ठेवलं आहे, की ते गळाला तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची पिसं बांधत. लोकर आणि कोंबडा, म्हणजे घरात होतं तेच त्यांनी वापरलं.

बाजारात तयार साहित्य मिळतं, मग रेशीमच का?

एक काचेचा पेला घ्या, पाण्याने भरा आणि खिडकीत ठेवा. दोन गळांवर तोच पिवळा रेशमी धागा गुंडाळा. एका गळाच्या उघड्या काळ्या दांड्यावर थेट गुंडाळा, दुसऱ्यावर आधी पांढऱ्या शिवणदोऱ्याचा एक थर द्या आणि मग रेशीम. कोरडे असताना दोन्ही सारखेच हळदीसारखे पिवळे दिसतील. आता दोन्ही पाण्यात सोडा आणि थोडा वेळ थांबा. पहिला बघता बघता काळवंडून शेवाळी होतो, दुसरा पिवळाच राहतो.

याचं कारण साधं आहे. कोरड्या रेशमाच्या तंतूंमध्ये हवा असते, तिच्यामुळे उजेड परततो आणि आपल्याला चकचकीत रंग दिसतो. तंतूंमध्ये पाणी शिरलं की उजेड आरपार जातो आणि आतलं दिसू लागतं. खऱ्या पाणकिड्याचं अंगही असंच असतं, थोडं पारदर्शक, आत काहीतरी गडद असल्यासारखं. इंग्लंडच्या उत्तरेकडचे लोक शेकडो वर्षं नुसत्या रेशमी धाग्याच्या अंगाच्या आणि गळ्याशी एका मऊ पिसाच्या फ्लाय बांधत आले. नारिंगी रेशीम आणि तित्तराचं पीस अशी त्यांची एक फ्लाय आजही जगभर बांधली जाते. त्यांनी धागा विकत आणला. आपल्या जिल्ह्यात तो मागाखाली पडलेला असतो.

माझं सगळं सांगणं या पेल्यात आहे. फ्लाय कोरडी असताना ती चांगली की वाईट हे ठरवू नका. मासा ती कधीच कोरडी बघत नाही.

कुठलं रेशीम घ्यावं?

येवल्यात पैठणीसाठी येणारं रेशीम बहुतेक बंगळूरकडचं आणि जर सुरतेची. विणकराकडे उरलेली टोकं असतील तर तीच उत्तम. बोटभर लांबीचा तुकडा दहा किंवा बारा नंबरच्या गळाला कमी पडतो, वीतभर तरी हवा. म्हणून मी जमिनीवरच्या टोकांपेक्षा कांडीवर उरलेला धागा मागतो.

दुकानातून 'रेशीम' म्हणून दोरा आणला असेल तर एक टोक जाळून बघा. खरं रेशीम केस जळल्यासारखा वास देतं आणि त्याची राख बोटांत चुरडते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. कागद जळल्यासारखा वास आला तर ते नकली रेशीम, ते ओलं झालं की कमजोर होतं आणि दाताला लागताच तुटतं.

धागा पिळाचा असतो. बांधण्याआधी तो उलटा फिरवून पीळ काढा म्हणजे पदर सुटे होऊन चपटे बसतात. पीळ तसाच ठेवला तर अंगावर वळ्या दिसतात. काही अळ्यांसाठी त्या वळ्याच हव्या असतात, पण ते ठरवून करावं.

आणि जर?

जर कशी बनते ते माहीत असेल तर हे लगेच पटेल. मध्ये धागा आणि त्याभोवती चपटी केलेली बारीक धातूची तार गुंडाळलेली, ही जर. परदेशी फ्लायच्या कृतींत अंगावर तिरकी गुंडाळायला जे 'ओव्हल टिन्सेल' सांगतात, तेही धाग्याच्या गाभ्यावर गुंडाळलेली धातूची पट्टीच असते. म्हणजे महागडी पुडी मागवून आपण बाहेरून जे आणतो, ते येवल्याच्या प्रत्येक विणकराच्या घरात आहे.

जरीची दोन कामं. एक, तिच्या चमकेमुळे किड्याच्या अंगावरचे कप्पे दिसतात. दुसरं काम जास्त मोलाचं: रेशीम माशाच्या दातांनी कापलं जातं आणि जर ते बांधून धरते. म्हणून रेशीम ज्या दिशेने गुंडाळलं त्याच्या उलट दिशेने जर फिरवा. चांदीची जर वर्षभरात काळी पडते. मला तो काळसर रंग नव्या चकाकीपेक्षा आवडतो, गढूळ पाण्याखेरीज मी नवी जर वापरतच नाही.

जर कापताना टोक सुटतं आणि वरची तार उलगडते. कापायच्या जागी आधी नेलपॉलिशचा थेंब लावा, वाळू द्या, मग कापा.

पहिली फ्लाय कशी बांधू?

बारा नंबरचा गळ घ्या. (नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे सुरुवातीला सगळ्यांना उलटं वाटतं.) पक्कडीने टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट करा आणि गळ शिकंज्यात वाकाजवळ पकडा.

पांढरा शिवणदोरा गळाच्या डोळ्याच्या (दोरी ओवायच्या भोकाच्या) थोडा मागे बांधा आणि एकाशेजारी एक वेढे देत वाकापर्यंत न्या. तिथे जरीचं टोक आणि रेशमाचं टोक बांधा. दोरा परत डोळ्याकडे आणा, पण डोळ्यामागे अर्ध्या तांदळाएवढी जागा मोकळी सोडून थांबा. ही जागा सोडायला नव्याण्णव टक्के लोक विसरतात, आणि मग पीस बांधायला आणि गाठ मारायला जागाच उरत नाही. मी नवशिक्यांना पहिल्या वेढ्याआधीच तिथे पेनने ठिपका द्यायला सांगतो.

आता रेशीम पुढे गुंडाळा, शेपटीकडे एक थर, पुढे दोन, म्हणजे अंग हळूहळू भरत जाईल. दोऱ्याने पकडा. जर उलट दिशेने चार-पाच मोकळे वेढे देत आणा, पकडा, उरलेलं कापा. गावरान कोंबडीच्या पाठीचं एक मऊ पीस टोकाकडून बांधा, दोन वेढे द्या. तिसरा वेढा देण्याचा मोह आवरा. शेवटी डोळ्यामागे तीन-चार फासाच्या गाठी आणि वर नेलपॉलिशचा एक थेंब. गाठीसाठी रिकाम्या रिफिलची नळी वापरा: नळीवर फास घ्या, नळीचं तोंड गळाच्या डोळ्यावर टेकवा आणि फास सरकवा.

नंतर पेल्यात टाकून बघा. नाही आवडली तर ब्लेडने सोलून गळ पुन्हा वापरा.

रेशीम बोटांना अडकतं, त्याला लव सुटते. काय करावं?

हा प्रश्न निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदार मित्रांचा, विशेषतः ऑक्टोबर छाटणीनंतरचा. कात्री आणि काड्या हाताळून बोटं खरखरीत होतात आणि प्रत्येक चरा रेशमाचा एक तंतू ओढून काढतो. आत्याने मला सांगितलेला उपाय असा: आदल्या रात्री वजरीने बोटांची टोकं घासा, खोबरेल तेल लावून झोपा, सकाळी साबणाने हात स्वच्छ धुवा. तेलाचा अंश राहिला तर रेशमावर डाग पडतो, म्हणून धुणं महत्त्वाचं. घाई असेल तर धाग्यावर मधमाशीचं मेण ओढा. मेणाने रंग एक छटा गडद होतो, चकाकी कमी होते आणि पाणी उशिरा शिरतं. पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायला ते बरंच आहे. बुडणाऱ्या फ्लायला मेण लावू नका.

हत्यारं किती लागतात?

थोडी. शिकंज्यासाठी सराफ बाजाराच्या आसपास सोनारकामाची हत्यारं मिळतात, त्यातला छोटा हातशिकंजा टेबलाच्या कडेला बांधला की काम होतं. बारीक टोकाची कात्री मात्र चांगली घ्या आणि तिने जर कापू नका, जरीसाठी जुनी वेगळी ठेवा. दोरा ताणलेला राहावा म्हणून त्याला कपड्याचा चिमटा लटकवा. मी सुरुवातीला एका विक्रेत्याकडून पूर्ण संच मागवला होता, त्यातले गळ पहिल्याच बऱ्या माशाला सरळ झाले. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर गळांवर करा.

पिसं कुठली चालतील?

कोंबडीची. चिकनच्या दुकानातली बहुतेक पिसं पांढरी आणि भिजलेली असतात, त्यापेक्षा गावाकडे गावरान कोंबड्या पाळणाऱ्यांकडे मागा. कोंबडीचं पीस मऊ असतं, पाण्यात श्वास घेतल्यासारखं हलतं. कोंबड्याच्या मानेचं ताठ असतं, ते फ्लायला तरंगत ठेवतं. साबणाने धुवा, सावलीत वाळवा, डबीत डांबरगोळी ठेवा, नाहीतर कसर लागते.

जंगली पक्ष्यांची पिसं नकोत. आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवर लाखेच्या ठिपक्यासारखी पिसं असतात. विलायतेत सॅमन माशाच्या जुन्या फ्लायमध्ये ती इतकी वापरली गेली की त्यासाठी हे पक्षी मारले जात. आज वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली त्याला संरक्षण आहे. तित्तरही नको, वरच्या इंग्लिश फ्लायमधलं पीस आपण गावरान कोंबडीच्या तपकिरी ठिपकेदार पिसाने भागवतो. मोराच्या आपोआप गळलेल्या पिसाऱ्याची पिसं देशात बाळगता येतात, पण ती परदेशी पाठवायला बंदी आहे. त्यामुळे मोरपीस बांधलेली फ्लाय परदेशातल्या मित्राला पाकिटात घालून पाठवू नका.

स्वतःचा नवा नमुना कसा काढायचा?

पुस्तकातल्या बहुतेक कृती ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी आहेत आणि ट्राउट आपल्याकडे नाही. म्हणून सुरुवात पाण्यापासून करावी.

हिवाळ्यात गोदावरीचं पाणी उतरलं की गंगापूर धरणाखालच्या खडकाळ पात्रात जा आणि घोट्याएवढ्या पाण्यातला एक दगड हळूच उलटा करा. खाली चपट्या, तीन शेपट्यांच्या अळ्या पळताना दिसतील. कधी वाळूचे कण चिकटवून केलेली अर्ध्या इंचाची नळी दिसेल, तिच्या तोंडातून एक अळी डोकावते. ही कॅडिस माशीची अळी. ती वाळूचे कण कशाने चिकटवते? स्वतःच्या तोंडातून काढलेल्या रेशमाने, तेही पाण्याखाली. कॅडिस आणि पतंग हे कीटकांतले जवळचे भाऊबंद आहेत आणि रेशमाचा किडा पतंगाचाच. हे कळलं त्या दिवशी मी आत्याला फोन करून सांगितलं. माझ्या वहीतली सर्वात चांगली फ्लाय याच अळीची आहे: मोतिया रेशीम, पीळ न काढता, पांढऱ्या थरावर, आणि डोक्याशी आमसुली धाग्याचे चार वेढे. पीस नाही, जर नाही.

दुसरी जूनमधली. पहिला पाऊस झाला की संध्याकाळी दिव्यांवर वाळवीची पाखरं येतात. पुलांवरच्या दिव्यांखाली ती पाण्यात पडतात आणि मासे वर येऊन पटापट टिपतात. गुळाच्या रंगाचं रेशीम मेण लावून, पाठीवर कोंबड्याचं एक पीस सपाट आडवं, एवढंच. वाळवीचे पंख अंगापेक्षा लांब असतात, तेव्हा पीस वाकाच्या मागे जाऊ द्या.

तिसरी अजून पूर्ण जमलेली नाही. नदीकाठी उंबर असतो, त्याची पिकली फळं टपकन पाण्यात पडतात आणि खालून मासा येतो. फळं खाणाऱ्यांत महसीर नावाजलेला. डाळिंबी आणि थोडं हिरवं रेशीम एकत्र घेऊन मी सहा नंबरच्या गळावर गोंडा बांधला, पदराच्या गोंड्यासारखाच, आणि कात्रीने गोल कापला. दिसायला हुबेहूब उंबर. दोनदा जोराची ओढ लागली आणि दोन्ही वेळा मासा सुटला. घरी आल्यावर लक्षात आलं की भरगच्च गोंड्याने गळाचं टोकच झाकलं होतं. आता खालची बाजू दांड्यापर्यंत सपाट कापतो. पुढच्या उंबराच्या दिवसांत कळेल.

नुसता रंग बदलला तर ती 'माझी' फ्लाय होते का?

माझ्या मते, पाण्यात तिचं वागणं बदललं असेल तर होते. इंग्लंडमधल्या एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर याची 'किलर बग' ही फ्लाय म्हणजे तांब्याच्या तारेवर गुंडाळलेली मोजे रफू करायची लोकर, बाकी काही नाही. पण ती लोकर चॅडविक कंपनीची ४७७ नंबरचीच लागे, कारण ओली झाली की तिला गुलाबी झाक येई. कंपनीने ती बनवणं थांबवल्यावर लोक तिची गुंडाळलेली जुनी कार्डं शोधत फिरले. रफूची लोकर कुणाच्याही घरात होती. ओल्या लोकरीकडे नीट बघितलं ते त्याने.

आपल्याकडे एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे. पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेऊन धूपछाव साधतात. फ्लायवर तेच करता येतं: शेवाळी आणि आमसुली असे दोन पदर एकत्र पिळून गुंडाळा. कोरडं असताना ठिपकेदार दिसतं, ओलं झालं की दोन्ही रंग एकमेकांत मुरतात आणि फ्लाय वळली की झाक बदलते.

रंग जातो का?

कधी कधी. ओला धागा पांढऱ्या रुमालात दाबून बघा. राणी आणि गडद लाल रंगांची मी नेहमी परीक्षा घेतो, कारण एका लाल धाग्याने माझ्या डबीतल्या आठ मोतिया फ्लाय गुलाबी केल्या होत्या. ओल्या फ्लाय डबीत ठेवू नका, गळही गंजतात.

यावर कोणते मासे लागतात?

मला सर्वात जास्त चिलापी लागले आहेत, चौदा नंबरच्या शेवाळी फ्लायला, काठाजवळ. लहान खवलीही धरतात. मरळ मोठी, हलणारी वस्तू धरते, तिला रेशमाचा बारीक किडा दिसत नाही, तिच्यासाठी चार नंबरवर लांब पिसांची फ्लाय बांधा. रोहू-कटला क्वचित.

फ्लाय रॉड (फ्लाय फेकायची खास काठी) नाही, मग?

बांबूची काठी आणि टोकाला बांधलेली काठीएवढीच दोरी. जपानमध्ये डोंगरी ओढ्यांवर हीच पद्धत 'टेंकारा' म्हणून शतकानुशतकं चालते, रीळ नसतोच. रीळवाला रॉड असेल तर पाण्याने भरायचा पारदर्शक फ्लोट (तरंगता गोळा) लावा आणि त्याच्या मागे हातभर अंतरावर फ्लाय बांधा.

कुठे गळ टाकू नये?

रामकुंड आणि घाटांवर नाही, तिथे लोक श्रद्धेने माशांना खायला घालतात. नांदूर मधमेश्वर अभयारण्य आहे आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), तिथे दुर्बीण घेऊन जा. धरणांच्या जलाशयांत मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, आधी त्यांना विचारा. मी एकदा न विचारता बसलो होतो. तिथल्या एका काकांनी शांतपणे समजावलं की त्या पाण्यात बीज त्यांच्या पैशाने सोडलेलं आहे. तेव्हापासून विचारल्याशिवाय काठी उघडत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला पोटात अंडी असलेली मादी लागली तर ओल्या हाताने लगेच सोडा.

आजीची जुनी पैठणी फाटली आहे. उसवून वापरू का?

नको. हा प्रश्न तीन जणांनी विचारला आणि तिघांनाही हेच सांगितलं. एक तर जुनं रेशीम घडीवर ठिसूळ झालेलं असतं, ताण दिला की तुटतं. दुसरं म्हणजे पैठणीतली कोयरी आणि मोर मागून भरलेले नसतात, ते विणतानाच एकेक धागा हाताने गुंफून उभे केलेले असतात, एका पदरावर कित्येक आठवडे जातात. ते उसवताना बघवत नाही. फाटलेल्या साडीचा पदर चौकटीत लावा, काठांचं मुलीला परकर-पोलकं शिवा. फ्लायसाठी दहा रंगांचे हातभर धागे विणकर आनंदाने देतात. देताना ते विचारतात कशाला हवेत, तेव्हा पुढच्या वेळी एक बांधलेली फ्लाय न्या. आत्याच्या शेजारच्या मामांनी माझी फ्लाय बोटांत फिरवून बघितली आणि म्हणाले, "जर उलटी घेतलीस, बरं केलंस, नाहीतर सुटली असती." त्यांनी आयुष्यात कधी गळ टाकलेला नाही.

नोंदी कशा ठेवाव्यात?

शाळेची दोनशे पानी वही पुरे. प्रत्येक पानावर धाग्याचा तुकडा चिकटवा आणि शेजारी त्याचाच ओला रंग लिहा, कारण महिन्याभराने तो आठवत नाही. माझ्या वहीतलं एक पान असं आहे: "गळ १४. शेवाळी, एक पदर, पीळ काढून. खाली काळा दोरा. जर जुनी, चार वेढे. पीस तपकिरी, दोन वेढे. ओला रंग: भिजल्या चिंचोक्यासारखा. दारणा, सकाळी साडेसात, पाणी निवळ. चिलापी ३, सोडले. तिसऱ्यानंतर जर सुटली, पुढच्या वेळी पाच वेढे."